चिमणाबाईंच्या फोनमधली बाई

सरांनी अ‍ॅपचं वजन कमी करायला सांगितलं होतं, आणि मी दिनेशभाऊंचा आवाज काढून टाकला.

मुद्दाम केलं असतं तर निदान पराक्रम म्हणून सांगता आलं असतं. पण मी तेव्हा नवा होतो, उत्साही होतो, आणि घोटीच्या शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या पोराला असते तेवढी सगळी घमेंड अंगात शिल्लक होती.

आमचं ऑफिस कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर. खाली डॉक्टर दाढा कोरतात, वर आम्ही कीबोर्ड बडवतो. आमचं मुख्य अ‍ॅप गोळ्यांची आठवण करून देणारं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये ते टाकायचं, वेळा भरून द्यायच्या. वेळ झाली की पडद्यावर गोळीचं चित्र येतं आणि आवाज येतो, वेळ झाली, गोळी घ्या. एवढंच करतं ते. पण एवढं करायला त्याच्या पोटात चित्रं, चिन्हं, वाक्यं आणि आवाज यांचा भलामोठा पसारा असतो, भाषेगणिक वेगळा. त्या पसाऱ्याचे मालक दिनेशभाऊ.

अ‍ॅप बांधताना एका ओळीत लिहायचं असतं की यात कुठल्या भाषा ठेवायच्या. ज्या लिहाल त्यांची फोल्डरं आत जातात, बाकीची बाहेर राहतात. पूर्वी आमच्याकडे ती ओळच नव्हती, म्हणून सगळंच आत जायचं. मी ओळ घातली. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. आणखी एक फोल्डर होतं, त्यावर कुठल्या भाषेची खूण आहे ते मला ओळखू आलं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये भाषांची लांबलचक यादी असते, तिच्यातही ती भाषा नव्हती. म्हटलं, कुणीतरी प्रयोग करून विसरलं असेल. अ‍ॅप हलकं झालं, कुठेही लाल अक्षरात काही उमटलं नाही, आल्हाद सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती मी घेतली.

लाल अक्षर उमटलं नाही याचं कारण मला दिनेशभाऊंनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तेव्हा मी मान डोलावली होती, ऐकलं नव्हतं.

दिनेश गावित सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचे. आश्रमशाळेत दहावी, मग नाशकात आयटीआय, मग अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे, सगळं कप्प्यांत, कप्प्याला नाव. कारखाना गुजरातेत गेला, दिनेशभाऊ नाही गेले. आल्हाद सर त्या कारखान्याला संगणकाचं काहीबाही पुरवत. त्यांनी ते कप्पे पाहिले होते. आमच्याकडे फायलींचा उकिरडा झाला होता, तेव्हा सरांना ते आठवले.

"बघ योगेश," दिनेशभाऊंनी मला सांगितलं होतं, "कोडमध्ये चित्र नसतं, आवाज नसतो. कोड फक्त नाव घेतं. स्टोअरच्या खिडकीशी येऊन फोरमन म्हणतो ना, अमुक बेअरिंग द्या, तसं. कुठल्या कप्प्यातलं द्यायचं ते स्टोअरवाला बघतो. फोन मराठी असेल तर मराठी कप्पा, गुजराती असेल तर गुजराती. कप्प्यात माल नसला तर?"

"तर अ‍ॅप कोसळणार."

"नाही ना. तर सगळ्यात खालचा कप्पा, सगळ्यांसाठीचा. त्यातलं द्यायचं. खिडकीवरून रिकाम्या हाती कुणाला पाठवायचं नाही."

"मग चुकीचा माल गेलाय हे कळणार कसं?"

"नाही कळत," ते म्हणाले आणि माझ्या फायलींकडे वळले. "ह्यातली शेवटची कुठली? तू दोन्हीला फायनल लिहिलंयस."

"ती दुसरी. म्हणजे नवीन फायनल."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. रागावले नव्हते. बेअरिंगच्या कप्प्यात कुणी वडापाव ठेवला तर जसं बघतील तसं बघत होते.

आमच्या अ‍ॅपचा सगळ्यांसाठीचा कप्पा म्हणजे मराठी, आणि मराठी आवाज तृप्तीचा. तृप्ती आमच्याकडे अ‍ॅप तपासायचं काम करते. सिडकोत राहते, घरी नवरा, सासू आणि एक पोरगी. सरांना आवाजासाठी बाहेरचं कुणी परवडेना, तेव्हा तिला पॅन्ट्रीत कोंडून सगळी वाक्यं वदवून घेतली. ऑफिसात ती ज्या आवाजात आमच्या चुका काढते तो आवाज आणि हा आवाज एकाच गळ्यातून निघतात यावर नवा माणूस विश्वास ठेवत नाही. रेकॉर्डिंगमधली तृप्ती अत्यंत मायाळू आहे.

आता तो फोन.

शुक्रवार होता, जेवणाची सुट्टी. दिनेशभाऊ पॅन्ट्रीत कोपऱ्यातल्या स्टुलावर एकटे जेवत होते. ते नेहमीच तिथे जेवतात. सुरुवातीला मला वाटलं, ते आम्हाला टाळतात. नंतर कळलं की ते आले तेव्हा मोठ्या टेबलाला खुर्ची कमी होती. मग खुर्ची आली, पण कुणी त्यांना बोलावलं नाही आणि ते स्वतःहून उठले नाहीत. मी चहा गरम करत होतो. त्यांचा हात भाकरीत होता, म्हणून फोन स्पीकरवर.

चिमणाबाई, म्हणजे त्यांची आई, पाड्यावर एकट्या राहतात. त्यांची बोली कोकणी. समुद्राकडची नव्हे, डोंगरातली. मला ती निम्मी कळते, आणि इथे मी ती माझ्या घोटीकडच्या भाषेत उतरवतोय, त्याबद्दल त्यांनी माफ करावं.

"ती कोण हाय?" चिमणाबाई म्हणाल्या.

"कोण ती?"

"फोनातली. काल सांजच्याला बोलली, आज सकाळी बोलली. गोळी घ्या म्हणती. लय मानानं बोलती."

दिनेशभाऊंचा घास थांबला. "मी बोलत नाय का त्यात?"

"तू नाय. ती बोलती. मला सांगायचं नाय व्हय आधी? मी काय नको म्हणणार व्हते?"

"आई, तसं काय नाय..."

"बरं, बरं. हापिसात असशील. चारचौघांत लाज वाटत असंल." आणि फोन बंद.

मी चहात साखर घालायची थांबवली. आमच्याकडे आईला असा संशय आला असता तर तिने आधी जात विचारली असती, मग हंबरडा फोडला असता. मी तसं म्हणालो. दिनेशभाऊंनी हात धुतला.

"आमच्याकडे तसं नाही रे," ते म्हणाले. "आधी दोघं घर मांडतात. लग्नाचं जेवण घालायचं ते मग, जमेल तेव्हा. आमच्या पाड्यावर एक माणूस आपल्या लग्नात आणि पोराच्या लग्नात एकाच मांडवाखाली बसला होता. आईला राग यायचं कारणच नाही. तिला वाटलं असेल, मांडलं असेल पोरानं घर."

मग ते आपल्या टेबलाशी गेले, अ‍ॅप उघडलं, डाव्या कोपऱ्यातल्या खुणेवर बोट दाबून धरलं. तसं केलं की तिथे एक लपलेली खिडकी उघडते. ती मला माहीतच नव्हती. तिच्यात एकच पर्याय होता, त्यांच्या भाषेचा. त्यांनी तो निवडला. तृप्ती मायाळूपणे म्हणाली, वेळ झाली, गोळी घ्या.

तेव्हा मला ते अनोळखी फोल्डर आठवलं.

मी त्यांना सांगितलं. सांगताना आवाज शक्य तितका तांत्रिक ठेवला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग ते फोल्डर उघडून दाखवलं. आवाज तर होतेच, त्यांचे स्वतःचे. पण वाक्यंसुद्धा होती. पडद्यावरचा प्रत्येक शब्द, प्रत्येक बटण, 'इंटरनेट नाही' आणि 'पुन्हा प्रयत्न करा' धरून, त्यांनी आपल्या बोलीत केला होता. दर नव्या आवृत्तीला आम्ही वाक्यं वाढवत गेलो, ते मागोमाग भर घालत गेले.

"पण भाऊ, ही भाषा कुठल्याच फोनच्या यादीत नाही. फोन हे फोल्डर आपणहून कधी उघडणारच नाही."

"माहीत आहे. म्हणून तर ती खिडकी केली. आईच्या फोनवर मी लावून देतो."

"आई वाचतात?"

"नाही."

"मग वाक्यं कुणासाठी केली?"

त्यांनी फोल्डर बंद केलं. "अर्धवट फोल्डर बरं नाही दिसत," म्हणाले.

नाशकात ते सतराव्या वर्षी आले, आता चाळिशीला टेकलेत. इतक्या वर्षांत इथे त्यांच्या बोलीत कुणाशी बोलणं असं फारसं झालं नाही. अंबडला सुरुवातीला दोघे-तिघे होते, कुणी द्राक्षबागांत कामाला गेले, कुणी गावी परतले. गावाकडे एका मुलीशी त्यांचं ठरत होतं. ते शिफ्टवर शिफ्ट करत राहिले, तिने वाट बघून दुसरीकडे घर मांडलं. हे मला त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या वाक्यात माझ्या चित्रांची नावं चुकल्याचं सांगितलं. माणसं आपलं बोलणं डायरीत लिहितात, गाण्यात घालतात. ह्यांनी 'पुन्हा प्रयत्न करा' मध्ये घातलं होतं.

"एक शब्द वाढवायचाय त्या ओळीत," मी म्हणालो. "पुढच्या शुक्रवारच्या आवृत्तीत घालतो. तुमचा आवाज परत."

"घाल," ते म्हणाले.

पण गुरुवारी केरूचा फोन आला. केरू त्यांचा चुलतभाऊ, पाड्यावर जीप चालवतो. आठवडी बाजाराला जाताना चिमणाबाईंचा फोन बरोबर नेतो, तिथे इंटरनेटची रेंज असते, अ‍ॅप तिथे नवं होतं. चिमणाबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आणि त्या न घेण्यात त्या पटाईत होत्या. पोराचा आवाज आला की त्याला उत्तर द्यायच्या, घेते रे बाबा, आणि गोळी कौलात खोचून ठेवायच्या. एकदा चक्कर येऊन विहिरीच्या काठावर पडल्या होत्या. काठावर, म्हणून वाचल्या. दिनेशभाऊंची सगळी धडपड त्या गोळीसाठी होती.

"काकूनं गोळ्यांचं पाकीट संपवलं बघ," केरू म्हणाला. "मी म्हटलं, आता कशी घेती? तर म्हणती, सून सांगती तर नाय कसं म्हणू. सगळ्या पाड्याला ऐकवती. वेळ झाली की बाया येऊन बसत्यात ऐकायला. दादा, मला तरी सांगायचंस."

दिनेशभाऊ फोन ठेवून माझ्याकडे आले. "योगेश, तो शब्द ह्या शुक्रवारी नको."

"मग कधी?"

"पुढच्या."

ज्या माणसाला वेलांटी चुकलेलं चित्राचं नाव झोपू देत नाही, त्याने आपल्या जागेवर दुसऱ्याचा आवाज राहू दिला. पुढच्या शुक्रवारी मी विचारलंच नाही.

मग त्यांच्या फोनवर येणारे प्रश्न बदलले. पूर्वी चिमणाबाई विचारायच्या, जेवलास का. आता विचारू लागल्या, जेवलात का. दिनेशभाऊ हो म्हणत. त्यांनी एकदाही बायको आहे असं सांगितलं नाही. नाही असंही सांगितलं नाही. त्या मधल्या जागेत ते महिनाभर राहिले, आणि मला वाटतं, त्यांना तिथे वाईट वाटत नव्हतं.

एका रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. अंबडच्या कारखान्यांमागे एका चाळीत ती खोली आहे. खिळ्याला एक पँट, एक शर्ट, खिडकीत एक ताट, एक पेला, सगळं आपापल्या जागी. मधोमध दोन गोण्या.

"हे काय?"

"केरूबरोबर आलंय. तांदूळ आणि नागली. पूर्वी एक यायची, आता दोघांचं पाठवते."

"मग चंगळ आहे तुमची. बायको काहीच खात नाही."

ते हसले. मग त्यांनी माझ्यासाठी भात टाकला आणि जास्त टाकला. आम्ही दोघांनी खाऊनही पातेल्यात उरला. ते उरलेल्याकडे बघत म्हणाले, "मी दोघांच्या मापानं घालायला लागलोय हल्ली. हात जातो तिकडेच."

ह्यावर थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत सहसा होते.

शिमगा जवळ आला तशी गोष्ट अवघड झाली. दिनेशभाऊ दरवर्षी शिमग्याला पाड्यावर जातात. चिमणाबाईंनी सांगून टाकलं, तिला घेऊन ये. होळीपुढे दोघांनी नारळ ठेवायचा. तिथं सगळ्यांना सांगून झालंय. नाही आणलंस तर मी काय तोंड दाखवू?

हे ऐकल्यावर मी एक कल्पना लढवली. माझ्या कल्पना फायलींच्या नावांसारख्या असतात, मला फायनल वाटतात. मी तृप्तीला गाठलं. तिला तोवर कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

तिने हातातला फोन खाली ठेवला. "म्हणजे महिनाभर मी कुणाची तरी सून आहे आणि मला पत्ता नाही?"

"फक्त फोनवर दोन शब्द बोल. म्हण, सुट्टी मिळत नाही. शिमगा निघून जाईल."

"आणि पुढच्या शिमग्याला?"

मी तिथवर विचार केला नव्हता.

"घरी एक सासू आहे मला, ती पुरून उरते," तृप्ती म्हणाली. मग दिनेशभाऊ आत आलेले तिला दिसले आणि तिचा आवाज उतरला, जवळजवळ रेकॉर्डिंगमधल्यासारखा झाला. "दादा, तुम्ही म्हणाल तर मी बोलेन त्यांच्याशी. पण तृप्ती म्हणून बोलेन. सून म्हणून नाही."

"मी म्हणणारच नाही तसं," दिनेशभाऊ म्हणाले. "हा योगेश म्हणतोय. ह्याला कोड लिहू दे."

त्यांनी त्या संध्याकाळी आईला फोन लावला. जिन्यात उभे होते, मला पायऱ्यांवरून ऐकू येत होतं. भाताचं विचारलं, कोंबड्यांचं विचारलं, केरूच्या जीपचं विचारलं. मग, बरं ठेवतो. वर आले आणि म्हणाले, "तोंडून निघत नाही. ती लगेच मध्ये बोलते, तिचं हसणं ऐकू येतं, मग नाही निघत."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, खालचं ड्रिल बंद असताना, त्यांनी मला पॅन्ट्रीत बोलावलं, दार लावलं आणि माझ्या हातात फोन दिला. "धर. रेकॉर्ड कर."

ते आपल्या बोलीत बोलले. पहिल्यांदा मध्येच शब्द चुकला, दुसऱ्यांदा फ्रिज गुरगुरला, तिसऱ्यांदा झालं. त्याचा अर्थ असा होता: आई, गोळी घे. ती बाई आमच्या हापिसातली आहे, तिला तिचं घर आहे. माझ्या खोलीत मी एकटाच आहे. पण गोळी घेत जा.

"हे कुठे घालायचं?" मी विचारलं.

"गोळीच्या आवाजाच्या जागी. त्याच नावानं. फक्त आईच्या फोनसाठी वेगळं अ‍ॅप बांध, केरूला पाठव. आणि त्या ओळीत आमची भाषा लिही."

"भाऊ, म्हणजे गोळीच्या प्रत्येक वेळेला हे वाजणार. सकाळ-संध्याकाळ. रोज."

"एकदा ऐकून ती म्हणेल, नीट ऐकू आलं नाही. रोज ऐकेल तर विश्वास बसेल."

मी बांधून दिलं. बांधताना तो आवाज तपासण्यासाठी परत परत ऐकावा लागला. हेडफोनमध्ये एक माणूस शांतपणे सांगत होता की तो एकटाच आहे, आणि मी आवाज कमी-जास्त करत होतो.

केरूने गुरुवारच्या बाजारात ते अ‍ॅप चिमणाबाईंच्या फोनमध्ये टाकलं. म्हणजे त्याच संध्याकाळी ते वाजलं असणार. शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारी आला नाही. दिनेशभाऊ फोन टेबलावर उताणा ठेवून काम करत होते. त्यांनी लावला तर तिकडून उचलत नव्हत्या. सोमवारी त्यांनी एका चित्राला चुकीचं नाव दिलं. मी गुपचूप दुरुस्त केलं. त्यांच्या चुकीला हात लावताना मला देवघरात चप्पल घालून गेल्यासारखं झालं.

"केरूला विचारू का?" मी म्हणालो.

"केरू म्हणतो, बोलत नाही कुणाशी. बाया येतात तर त्यांना घालवते." आणि जरा वेळाने, "गोळीचं त्याला माहीत नाही. कौलात बघ म्हटलं त्याला, तर काकू घरात येऊ देत नाही म्हणतो."

मंगळवारी जेवताना फोन आला. दिनेशभाऊंनी भाकरीच्या हातानेच उचलला आणि स्पीकरवर टाकला. मी होतो, तृप्ती पाणी भरायला आली होती, ती तिथेच थांबली.

"ते काढ," चिमणाबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुझं बोलणं. दिस उगवला, एकटा हाय. दिस मावळला, एकटा हाय. मी काय आंधळी हाय का? मलाबी दिसतंय ना, मीबी एकटीच हाय. ते पेटीतून कशाला सांगतोस?"

दिनेशभाऊंनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"गोळी घेतली का?" त्यांनी विचारलं.

"घेतली. तुझं ऐकवत नाय, म्हणून बोलायच्या आधीच घेते. वेळ व्हायच्या आधी." तिकडून कोंबडा ओरडला. "ती बाई ठेव. परकी असू दे. घरात कुणी बोललं की बरं वाटतं."

"आणि मी?"

"तू फोन कर की. पेटीत आवाज भरून ठेवलास आणि फोन करायचं सोडलंस. आधी रोज करायचास."

दिनेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. खरं होतं ते. अ‍ॅपमध्ये स्वतःचा आवाज बसवल्यापासून त्यांना वाटायचं, दिवसातून दोनदा बोलणं होतंच आहे. होत होतं, पण ते फोनशी होत होतं.

"शिमग्याला एकटा येईन," ते म्हणाले.

"ये. पाड्याला मी सांगते काय सांगायचं ते. माझं तोंड हाय, मी बघीन." मग जरा हलक्या आवाजात, "ती बाई हाय का तिथं?"

तृप्ती पुढे सरकली. "आहे आई. मी तृप्ती."

मला वाटलं, रेंज गेली.

"आवाज तोच हाय," चिमणाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

त्याच दिवशी दिनेशभाऊंनी ते रेकॉर्डिंग आईच्या अ‍ॅपमधून काढलं. त्यांचा जुना आवाजही काढला. त्या फोल्डरमधली बाकी सगळी वाक्यं तशीच ठेवली आणि नव्या बटणांची आणखी दोन घातली. आवाजाच्या जागी आता काही नाही, म्हणून तिथे तृप्तीच बोलते. त्या ओळीत त्यांच्या भाषेचं नाव मात्र मी लिहून ठेवलंय, आणि ते तिथून पुसायचं नाही असं शेजारी मराठीत बजावून ठेवलंय, माझ्यासारखा हुशार माणूस पुन्हा नोकरीला लागला तर.

शिमग्याला ते एकटेच गेले, एकट्यानेच नारळ ठेवला. परत आले ते बांबूचं एक छोटं सूप घेऊन. चिमणाबाईंनी पाड्यावरच्या म्हातारीकडून ते खास विणून घेतलं होतं.

"हे तुला," ते तृप्तीला म्हणाले. "आवाजाबद्दल. पण आई म्हणते, एक वाक्य आमच्या बोलीत म्हण. तिचं नाव घेऊन. तिला बघायचंय, तुझ्या तोंडून कसं लागतं."

तृप्तीला सूप फार आवडलं. तांदूळ ती पाखडलेलेच आणते, म्हणून तिने ते टेबलामागे खिळ्याला टांगलं. वाक्य दिनेशभाऊंनी तिला म्हणून दाखवलं. त्यातला एक शब्द तिच्या जिभेवर बसत नाही, ती म्हणायला जाते आणि हसू येतं, मग खालचं ड्रिल सुरू होतं, मग सरांची मीटिंग. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा म्हणाली, असं नको, नीट म्हणेन. मोठ्या टेबलाशी जेवताना सराव करते. दिनेशभाऊ समोर बसून तिची चूक काढतात. त्यांना तिथे कुणी बोलावलं हे मला आठवत नाही.

आता ते रोज संध्याकाळी जिन्यात उभे राहून घरी फोन करतात. जेवलीस का, गोळी घेतलीस का, केरू आला होता का. आम्ही बॅगा भरत असतो, दार उघडं असतं, सगळं ऐकू येतं. चिमणाबाई काय विचारतात ते त्यांच्या उत्तरावरून कळतं.

"नाय आई, अजून नाय. म्हणंन म्हणते ती. काम लय असतं तिला."

तृप्ती मान खाली घालून चार्जर गुंडाळते. "उद्या नक्की," ती मला म्हणते, जणू मी वसुलीवाला आहे. जिन्यात बोलणं संपलेलं असतं. दिनेशभाऊ फोन हातात धरून तिथेच उभे असतात, आम्ही त्यांच्या बाजूने उतरून जातो. फोल्डरमध्ये त्या वाक्याच्या फाईलचं नाव त्यांनी ठरवून ठेवलंय. फाईल अजून यायची आहे.